राखिव रायोन: तिसेच्या दोन उगमांमधला तालुका

याब्लुनित्स्की खिंड साधारण ९३० मीटर उंचीवर आहे. तिच्या उत्तर उतारावर पडलेला पाऊस प्रुत नदीत जातो आणि दक्षिणेकडचा तिसेत. प्रुत कार्पेथियन पर्वताला पूर्वेकडून वळसा घालून डॅन्यूबला तिच्या मुखाजवळ मिळते. तिसा पश्चिमेला वळते, हंगेरीचं मैदान ओलांडते आणि ९६६ किमीचा प्रवास करून सर्बियात त्याच डॅन्यूबमध्ये शिरते. खिंडीच्या दक्षिणेकडचं हे तिसेचं वरचं खोरं म्हणजे युक्रेनच्या झाकारपात्त्या ओब्लास्तातला राखिव रायोन. या भागावर शंभर-सव्वाशे वर्षांत कितीतरी राज्यांनी आपल्या रेघा ओढल्या, तरी तालुक्याचा मूळ आकार फारसा हलला नाही. त्याचं कारण नदीच्या या रचनेत आहे.

आधी शब्दांचा घोळ मिटवू. ओब्लास्त म्हणजे प्रांत. रायोन हा २०२०पर्यंत आपल्या तालुक्यासारखा होता, आता तो जिल्ह्याच्या आकाराकडे झुकला आहे. त्याखाली ह्रोमादा, म्हणजे अनेक गावांची मिळून एक स्थानिक स्वराज्य संस्था. 'राखिव' हे नगराचं नाव. त्यातला 'ख' घशातून येतो आणि मराठीतल्या 'राखीव'शी त्याचा संबंध नाही. ओब्लास्ताची राजधानी उझहोरोद. हे नाव मराठी घरांत अनेकांनी ऐकलेलं असेल, कारण तिथल्या विद्यापीठात आपल्याकडची बरीच मुलं वैद्यकीय शिक्षण घेत होती आणि २०२२च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये ती हंगेरीमार्गे परतली. पण उझहोरोद मैदानाच्या काठावर आहे. राखिव तिथून रस्त्याने दोनशे किमीहून जास्त लांब, डोंगरात. बसने पाच-सहा तास धरावेत.

हा प्रदेश उत्तरेकडून दक्षिणेकडे, पाण्याच्या दिशेने पाहावा असं माझं मत आहे. उलट गेलात तर नद्या कुठून येतात ते शेवटपर्यंत कळत नाही.

खिंड उतरल्यावर पहिलं मोठं गाव यासिन्या, सुमारे ६५० मीटर उंचीवर, काळ्या तिसेच्या काठी. काळी तिसा पश्चिमेकडच्या स्विदोवेत्स रांगेत उगवते. तिथलं सर्वोच्च शिखर ब्लिझ्नित्सा १,८८० मीटरच्या थोडं वर आहे. पांढरी तिसा पूर्वेकडच्या चोर्नोहोरा रांगेतून येते आणि बोहदान गावावरून वाहते. दोन्ही प्रवाह राखिव नगराच्या साधारण चार किमी वर एकत्र येतात आणि तिथून खाली नुसती 'तिसा'. नकाशावर हे इंग्रजी 'वाय' अक्षरासारखं दिसतं. तालुक्याची सगळी वस्ती या अक्षराच्या तीन रेषांवर आणि त्यांना मिळणाऱ्या ओढ्यांच्या काठी पसरलेली आहे. शेतीला सपाट जमीन जवळपास नाहीच. बटाटा, थोडा मका, गवत आणि जनावरं. बाकी सगळं जंगल आणि कुरण.

जंगलाचे थर ओळखता आले की उंची समजते. खाली बीच वृक्षांचं रान, साधारण ११०० ते १२०० मीटरपर्यंत. त्याच्या वर स्प्रूस, दीड हजार मीटरच्या आसपास संपणारा. त्यानंतर जमिनीलगत पसरलेला बुटका पाइन, ज्याला इथले हुत्सुल, म्हणजे या डोंगरातले मूळ रहिवासी, 'झेरेप' म्हणतात. झेरेपमधून वाट काढायचा प्रयत्न करू नका: फांद्या आडव्या आणि लवचिक असतात, पाय अडकतो आणि शंभर मीटरला अर्धा तास जातो. मळलेली पायवाट सुटली तर मागे फिरून ती शोधावी, हाच उपाय. त्याहून वर 'पोलोनिना', म्हणजे उंचावरची उघडी कुरणं. यातली बरीच पिढ्यान्‌पिढ्यांच्या चराईने तयार झालेली आहेत. जनावरांनी झाडांची हद्द खाली ढकलली. जिथे चराई थांबली तिथे झाडं पुन्हा वर चढताना दिसतात.

मे ते सप्टेंबर मेंढ्या पोलोनिनावर असतात. अनेक घरांच्या मेंढ्यांचा एकच कळप आणि त्यांचा एक मुख्य मेंढपाळ, 'वाताह'. दूध कोमट असताना विरजणाऐवजी 'क्ल्याग' घालतात. क्ल्याग म्हणजे दूधपित्या वासराच्या किंवा कोकराच्या जठरातलं दूध घट्ट करणारं द्रव्य. दही घट्ट झालं की कापडात बांधून पाणी काढतात. हा गोळा म्हणजे 'बुद्झ'. तो काही दिवस मुरवून, मग कुस्करून, मीठ घालून दाबला की 'ब्रिंझा' होते. बुद्झ नीट निथळण्याआधी मीठ घातलं तर ब्रिंझा पाणी सोडते आणि आंबते, म्हणून घाईने केलेली ब्रिंझा टिकत नाही. विकत घेताना मोडून पाहावी: कोरडी भुरभुरीत पण पिठासारखी नाही, अशी हवी. राखिवमध्ये सप्टेंबरमध्ये, मेंढ्या खाली उतरल्यावर, ब्रिंझाचा उत्सव भरतो.

चोर्नोहोराच्या कण्यावर होवेर्ला, युक्रेनचं सर्वोच्च शिखर, २,०६१ मीटर. प्रुतचा उगम तिच्या उत्तरेकडच्या अंगाला. बहुतेक लोक इव्हानो-फ्रान्किव्स्क ओब्लास्ताच्या बाजूने, झारोस्ल्याकहून चढतात, कारण तिथून चढ साधारण आठशे मीटरचाच. राखिवच्या बाजूने लाझेश्चिना रेल्वे स्थानकावर उतरून कोझ्मेश्चिकपर्यंत जवळपास दहा किमी जंगलरस्ता आणि तिथून हजार-अकराशे मीटरचा चढ. जास्त मेहनत, पण गर्दी कमी, आणि पेत्रोस (२,०२० मीटर) शिखरही याच वाटेने जोडता येतं. सर्वांत जास्त चूक हवामानात होते. जूनमध्येही घळींत बर्फाचे पट्टे असतात, आणि उन्हाळ्यात दुपारी वीज पडते. कण्यावर कुठेही आडोसा नाही. पहाटे निघून दुपारी बाराच्या आत शिखर सोडायचं, हा नियम मोडू नये.

या कण्यावरून चालताना गवतात दगडी खांब भेटतात. एका अंगाला 'पी' आणि दुसऱ्या अंगाला 'चेएस' ही अक्षरं. दोन महायुद्धांच्या दरम्यानची पोलंड आणि चेकोस्लोवाकियाची सीमा. मला या तालुक्याचा इतिहास सांगायला याहून चांगली जागा माहीत नाही. १९१८पर्यंत हा कणा एकाच साम्राज्यातल्या हंगेरी आणि गालिसिया या दोन भागांमधली हद्द होता. मग पोलंड-चेकोस्लोवाकिया. १९३९च्या मार्चपासून सप्टेंबरपर्यंत पोलंड-हंगेरी. त्या सप्टेंबरनंतर सोव्हिएत संघ-हंगेरी. आज इथे दोन ओब्लास्तांची सीमा आहे आणि ती ओलांडायला कोणी अडवत नाही. रेघ तीच, पाणलोटाची. तिच्या दोन्ही बाजूंची राज्यं तेवढी बदलत गेली.

खोऱ्यातल्या गावांनी हे सगळे बदल जागेवरून न हलता पाहिले. १९१८पर्यंत राखिव हंगेरी राज्याच्या मारामारोश परगण्यात होतं. परगण्याचं मुख्य ठिकाण सिगेत तिसेच्या खालच्या अंगाला, डाव्या काठावर. बाजार, कचेऱ्या, न्यायालय, रेल्वेचा फाटा, सगळं तिकडे. साम्राज्य कोसळल्यावर ८ जानेवारी १९१९ रोजी यासिन्याच्या हुत्सुलांनी हंगेरियन शिबंदीला हुसकावून आपलं प्रजासत्ताक जाहीर केलं. स्तेपान क्लोचुराक त्याचे प्रमुख. जून १९१९मध्ये रोमानियाच्या सैन्याने ते संपवलं. सप्टेंबर १९१९चा सेंट-जर्मेनचा तह आणि ४ जून १९२०चा त्रियानोंचा तह यांनी तिसेचा उजवा काठ चेकोस्लोवाकियाला दिला, तर सिगेत रोमानियाला गेलं. म्हणजे तालुका राहिला इकडे आणि त्याचं जुनं मुख्य ठिकाण नदीपलीकडे, परदेशात. वेलिकी बिच्किव गावासमोर पलीकडच्या काठावर त्याच नावाचं रोमानियन गाव आजही आहे.

चेकोस्लोवाकियात राखिव जिल्हा कचेरीचं ठिकाण झालं. १५ मार्च १९३९ला खुस्त इथे कार्पेथियन युक्रेनचं स्वातंत्र्य जाहीर झालं, आव्हुस्तिन वोलोशिन अध्यक्ष झाले, आणि लगेच हंगेरीच्या सैन्याने प्रदेश ताब्यात घेतला. हंगेरीचा अंमल १९४४च्या शरद ऋतूपर्यंत टिकला. २९ जून १९४५च्या कराराने चेकोस्लोवाकियाने हा भाग सोव्हिएत संघाला दिला. २२ जानेवारी १९४६ रोजी झाकारपात्त्या ओब्लास्त स्थापन झाला आणि सोव्हिएत पद्धतीचे रायोन आले. १९९१पासून युक्रेन.

हंगेरियन अंमलातली एक गोष्ट वगळून पुढे जाणं मला पटत नाही. १९४१च्या जुलै-ऑगस्टमध्ये हंगेरीने ज्या ज्यूंकडे नागरिकत्वाचे कागद नाहीत असं ठरवलं, त्यांना देशभरातून आगगाडीने यासिन्याला आणलं आणि खिंडीपलीकडे, जर्मन ताब्यातल्या प्रदेशात ढकललं. सुमारे अठरा हजार माणसं. त्यातल्या बहुतेकांचा ऑगस्टच्या अखेरीस कामिआनेत्स-पोदिल्स्कीच्या हत्याकांडात अंत झाला. तिथे तीन दिवसांत तेवीस हजारांहून जास्त ज्यू मारले गेले. नागरिकत्वाचे कागद नसण्याचं एक मोठं कारण, घर न बदलता वीस वर्षांत राज्य दोनदा बदललेलं. १९४४च्या वसंतात खोऱ्यात उरलेल्या ज्यूंना आउश्वित्झला नेलं. यासिन्याचं स्थानक पाहताना हे माहीत असावं.

त्याच गावात स्त्रुकिव्स्का चर्च आहे, १८२४चं, लाकडी. २०१३मध्ये कार्पेथियन भागातल्या सोळा लाकडी चर्चांना युनेस्कोच्या जागतिक वारशात जागा मिळाली, त्यात हे एक. चौकात बसवलेल्या क्रुसासारखी त्याची आखणी, म्हणजे मधल्या चौकाला चारही बाजूंनी समान दालनं, ही हुत्सुल पद्धत. शेजारचा घंटामनोराही बघावा.

आता रेल्वे. उत्तरेकडे इव्हानो-फ्रान्किव्स्क (तेव्हाचं स्तानिस्लाऊ) आणि दक्षिणेकडे सिगेत यांना जोडणारा हा मार्ग १८९०च्या दशकाच्या मध्यात पूर्ण झाला. साम्राज्याच्या दोन भागांना जोडण्यासाठी तो आखला होता, त्यामुळे दक्षिणेला दिलोवेपर्यंत तिसेबरोबर जातो आणि मग नदी ओलांडून आजच्या रोमानियात शिरतो. परिणाम असा, की राखिवहून रेल्वेने ल्विव्ह आणि कीवला थेट जाता येतं, पण स्वतःच्या ओब्लास्ताची राजधानी उझहोरोद गाठायला देशातल्या देशात थेट रूळच नाहीत. सोव्हिएत काळात गाड्या रोमानियाच्या हद्दीतून सिगेतवरून जाऊन पुन्हा तेरेस्वा इथे सोव्हिएत भूमीत येत. पुढे ही वाहतूक बंद पडली आणि सीमेजवळचा तुकडा वर्षानुवर्षं गंजत पडला. युद्ध सुरू झाल्यावर २०२२मध्ये तो दुरुस्त केला आणि जानेवारी २०२३मध्ये राखिव ते रोमानियातलं वालेआ विशेउलुई ही प्रवासी गाडी सुरू झाली. युक्रेनचे रूळ १,५२० मिमी रुंदीचे आणि रोमानियाचे १,४३५, म्हणून पलीकडे गाडी बदलावीच लागते. जोडगाडीच्या वेळा बदलत राहतात. दोन्ही बाजूंचं वेळापत्रक त्याच आठवड्यात तपासावं. इव्हानो-फ्रान्किव्स्कपासून खाली विद्युतीकरण नाही, डिझेल इंजिन असतं, वळणं तीव्र, वेग कमी. ल्विव्हहून दिवसाचा बराच भाग जातो हे गृहीत धरावं.

काळ्या तिसेवर यासिन्या आणि राखिवच्या मध्ये क्वासी लागतं. नावातच आंबटपणा आहे: इथल्या झऱ्यांचं पाणी वायुयुक्त आणि खनिजं असलेलं. हंगेरियन नाव तिसाबोरकूत. काही झऱ्यांत आर्सेनिक असतं आणि ते पाणी उपचारकेंद्रांत आंघोळीसाठी वापरतात. वाटेतल्या कुठल्याही झऱ्याला तोंड लावण्याआधी तो पिण्याचा आहे का, हे गावात विचारावं.

राखिव नगराचा पहिला उल्लेख १४४७चा, नगराचा दर्जा १९५८चा. दरी इतकी अरुंद, की नदी, रूळ, रस्ता आणि घरं एकमेकांना खेटून आहेत. ऑस्ट्रियन काळात लाकूडतोडीसाठी ज़िप्सर जर्मन कुटुंबं इथे वसवली गेली. तोडलेले ओंडके बांधून तराफा करायचा, वरच्या ओढ्यावर लाकडी बांध घालून पाणी साठवायचं आणि बांध उघडला की त्या लोंढ्यावर तराफा सोडायचा, अशी वाहतूक रेल्वे आणि रस्ते येण्याआधी चालत असे. तराफेवाल्यांना बोकोराश म्हणत. तीव्र उतार, पातळ माती, वर्षाला हजार मिलिमीटरहून बराच जास्त पाऊस आणि त्यात जंगलतोड: या खोऱ्यात पूर अचानक येतो. नोव्हेंबर १९९८ आणि मार्च २००१मध्ये वरच्या तिसेला मोठे पूर आले. दुसऱ्या वेळी वरच्या बर्फावर पाऊस पडला आणि दोन्हीचं पाणी एकदम उतरलं. नदीकाठचा रस्ता तुटला की पर्यायी रस्ता नसतो, म्हणून वसंतात इथे येण्याच्या बेतात एक मोकळा दिवस ठेवावा.

कार्पेथियन जीवावरण राखीव क्षेत्राचं मुख्यालय राखिवमध्ये आहे. स्थापना १९६८, क्षेत्र सुमारे ५८ हजार हेक्टर, पण सगळं याच रायोनात नाही. इथल्या आदिम बीच-वनांचा २००७मध्ये जागतिक वारशात समावेश झाला. राखिवच्या दक्षिणेला मारमारोश डोंगर सुरू होतो आणि खडक बदलतो. चोर्नोहोरा वाळूखडक आणि शेलच्या थरांची, तर हा डोंगर जुन्या स्फटिकी शिस्ट-नाइसचा आणि संगमरवराचा. शिखरांची धार त्यामुळे वेगळी दिसते. हा सीमेचा पट्टा आहे. शांततेच्या काळातही इथे चढायला सीमारक्षकांना पासपोर्ट दाखवून कळवावं लागत असे.

दिलोवे गावाजवळ रस्त्याच्या कडेला १८८७चा एक दगड आहे. त्याला 'युरोपचा भौगोलिक मध्य' म्हणतात आणि १९७७मध्ये सोव्हिएत सरकारने शेजारी उंच स्तंभही उभारला. पण लॅटिन मजकूर नीट वाचला तर त्यात मध्याचा उल्लेख नाही. ऑस्ट्रिया-हंगेरीच्या अचूक उंची-मापनासाठी पक्का केलेला हा एक स्थिर बिंदू, आणि साम्राज्यात असे सात बिंदू रोवले होते. दुसरे आज चेकिया, स्लोवाकिया, स्लोवेनिया, इटली, रोमानियात आहेत. लिथुआनियाही मध्यावर दावा सांगतो. मला विचाराल तर मूळ काम जास्त मोलाचं: रेल्वे आणि नद्यांची उंची एका पातळीवरून मोजता यावी म्हणून डोंगरात ठोकलेली ही खूण.

दिलोवे हे नावही १९४६चं. आधी त्रिबुशानी, हंगेरियन कागदांत तेरेबेशफेयेरपातक. कोस्तिलिव्का म्हणजे जुनं बेर्लेबाश, आणि रेल्वे स्थानकावर तेच नाव राहिलं. यासिन्या म्हणजे कोरोशमेझो, राखिव म्हणजे राहो, वेलिकी बिच्किव म्हणजे नाज्यबोच्को. जुनी जनगणना, चर्चच्या नोंदी किंवा नकाशे चाळताना ही नावं हाताशी नसतील तर एकच गाव तीन गावं वाटतं.

आता २०२०चा बदल, ज्यात सगळ्यांत जास्त गोंधळ होतो. फेब्रुवारी २०१५च्या कायद्याने गावांना स्वेच्छेने एकत्र येऊन ह्रोमादा करायला मुभा दिली. जून २०२०मध्ये सरकारने देशभरच्या ह्रोमादांच्या हद्दी पक्क्या केल्या आणि १७ जुलै २०२०च्या संसदीय ठरावाने ४९० रायोन मोडून १३६ केले. झाकारपात्त्यातले १३ रायोन ६ झाले. नव्या रायोनात साधारण दीड लाख लोक असावेत असा संकेत होता. राखिवमध्ये नव्वद हजारांच्या आसपासच. तरीही तो उरला. कारण नकाशावर दिसतं: त्याला शेजारच्या त्याचिवला जोडलं असतं, तर होवेर्लाखालच्या लुही गावातल्या माणसाला कचेरी गाठायला पांढरी तिसा, मग मुख्य तिसा उतरून पुढे आणखी एक खोरं गाठावं लागलं असतं.

जुन्या रायोनाचं क्षेत्रफळ १,८९२ चौरस किमी होतं. नवं थोडं कमी आहे, कारण खालच्या तिसेकाठचं रोमानियनभाषक बिला त्सेर्क्वा हे गाव सोलोत्विनो ह्रोमादाबरोबर त्याचिव रायोनात गेलं. (कीवजवळच्या त्याच नावाच्या मोठ्या शहराशी गल्लत करू नये; तिकीट काढताना ती होते.) राखिव रायोनात चार ह्रोमादा उरल्या आणि त्या पुन्हा नदीच्या फांद्यांवर बसतात: यासिन्या काळ्या तिसेवर, बोहदान पांढऱ्या तिसेवर, राखिव संगमाखाली, वेलिकी बिच्किव दरी रुंद होते तिथे.

शाळा, प्राथमिक दवाखाने, जमिनीचे निर्णय आणि प्राप्तिकराचा मोठा वाटा ह्रोमादाकडे गेला. जुन्या ग्रामपरिषदा संपल्या. गावात आता 'स्तारोस्ता' असतो, जो ह्रोमादाचा प्रतिनिधी म्हणून दाखले आणि अर्ज पाहतो. रायोनाकडे समन्वय उरला, आणि २४ फेब्रुवारी २०२२पासून रायोनाचं प्रशासन लष्करी प्रशासन म्हणून चालतं. नोव्हेंबर २०२०मध्ये गावांचे जुने दहा-अंकी संकेतांक जाऊन 'यूए'ने सुरू होणारे नवे आले. जुन्या संगणक-याद्यांत गाव सापडलं नाही तर बहुधा हेच कारण. जानेवारी २०२४पासून 'नागरी पद्धतीची वस्ती' हा सोव्हिएत दर्जाही गेला. यासिन्या, वेलिकी बिच्किव आणि कोबिलेत्स्का पोल्याना आता नुसत्या 'सेलिश्चे', म्हणजे वस्त्या. पत्ता लिहिताना गाव, ह्रोमादा, रायोन, ओब्लास्त हा क्रम ठेवावा आणि पोस्टाचा क्रमांक विसरू नये. राखिव नगराचा ९०६०० आहे.

युक्रेनचं आकाश फेब्रुवारी २०२२पासून नागरी विमानांना बंद आहे, देशात लष्करी कायदा आहे, आणि रोमानियाच्या सीमेलगतच्या या खोऱ्यात रस्त्यांवर तपासणी नाकी आहेत. आज फिरायला जाण्याचा सल्ला मी देणार नाही. ज्यांना तयारी करायची आहे त्यांनी १:५०,००० प्रमाणाचा नकाशा घ्यावा, त्यावर निळ्या पेन्सिलीने आधी दोन्ही तिसा आणि त्यांचे ओढे रंगवावेत, मग लाल पेन्सिलीने चार ह्रोमादांच्या हद्दी काढाव्यात. लाल रेघ बहुतेक ठिकाणी दोन निळ्या रेघांच्या मधून, कण्यावरूनच जाताना दिसेल.